अननोन लेडी

माझ्या पुतण्यानं माझ्या आजीचं नाव ‘अननोन लेडी ०३’ असं ठेवलं आहे.

मागच्या गणपतीत तो डोंबिवलीहून गावी आला. पोलादपूरच्या वर डोंगरात आमची वाडी. येताना त्यानं एक पेनड्राइव्ह आणला होता. वर्षभर खपून त्यानं भाऊबंदांकडचे सगळे जुने फोटो गोळा केले, स्कॅन केले, सहाशे बारा भरले. हे काम त्याला कुणी सांगितलं नव्हतं. संध्याकाळची आरती झाली, प्रसाद वाटला आणि पडवीत टीव्हीला पेनड्राइव्ह लावून सगळी माणसं समोर बसली. एकेक फोटो येत होता आणि खाली त्याच्या फाइलीचं नाव. ‘आजोबा मुंबई ०१’. ‘गाव ग्रुप’. ‘अननोन मॅन ११’. मग एक बाई आली. नऊवारी, डोईवर पदर, एक हात खुर्चीच्या पाठीवर, मागं रंगवलेलं तळं आणि त्यात हंस. खाली नाव, अननोन लेडी ०३.

आत्या भिंतीला टेकून बसली होती. पंच्याऐंशीच्या पुढची, पण मोतीबिंदू काढल्यापासून नजर साफ.

“आरं मेल्या,” ती म्हणाली, “ही माजी आये हाय. तुजी पंजी.”

पोरं खो खो हसली. पुतण्याही हसला आणि नाव दुरुस्त करायला लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला. “पूर्ण नाव सांग ना आत्या.” आत्यानं दोन नावं सांगितली, एक सासरचं आणि मग जरा थांबून एक माहेरचं. ते माहेरचं नाव मी बासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा ऐकलं. ज्या बाईच्या मांडीवर मी वाढलो तिचं जन्मनाव मला ठाऊक नव्हतं आणि मी पुतण्याला हसत होतो.

सहाशे बारापैकी दोनशे चाळीस फोटोंत कुणी ना कुणी ‘अननोन’ आहे. मी दुसऱ्या दिवशी सकाळी मोजले.

आता प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी झेरॉक्सच्या दुकानावर पाटी असते: जुने फोटो, व्हिडिओ कॅसेट डिजिटल करून मिळतील. लोकांच्या मनात या कामाचा एक साचा बसला आहे. पिशवीत फोटो भरायचे, दुकानात द्यायचे, आठ दिवसांनी पेनड्राइव्ह घ्यायचा, आणि घरातली अडगळ एकदाची भंगारवाल्याला घालायची. वर सांगायचं, की जपून ठेवलंय सगळं. माझं भांडण या ‘जपून ठेवलंय’शी आहे. नाव नसलेला फोटो हा चेहऱ्याचा कागद आहे. तो कागदाचा काचेवर आला म्हणून त्यातलं माणूस वाचलं असं होत नाही. उलट कागद पेटीत होता तोवर कुणीतरी कधीतरी तो हातात घेऊन ‘हा कोण गं?’ असं विचारायचा. पेनड्राइव्हला तसं कुणी विचारत नाही. सगळं झालं या समाधानात तो कपाटात जातो, आणि ज्यांना विचारायचं ती माणसं एकेक करून जातात.

हे फोटो आमच्याकडे आले कसे ते आधी सांगायला हवं, कारण त्यातच नावांची गोष्ट आहे.

महाड-पोलादपूरच्या डोंगरातली माणसं पिढ्यान् पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत गेली. माझे वडील गेले, दोन चुलते गेले. लालबाग-परळच्या खोलीत दहा-पंधरा जण राहायचे, पाळीनं झोपायचे. पगार झाला की कधीतरी एखादा स्टुडिओत जायचा. कोट स्टुडिओचाच असायचा, घड्याळ दोस्ताचं. तो फोटो गावी येणाऱ्या कुणाच्या तरी हाती धाडायचा. गावात कॅमेरा नव्हताच. त्यामुळं आमच्या पेटीत पुरुषांचे फोटो पुष्कळ आणि बायकांचे हाताच्या बोटावर मोजण्याइतके. आजीचा तो एकच. डोळे दाखवायला वडिलांनी तिला मुंबईला नेलं तेव्हा एक दिवस स्टुडिओत उभी केली. आत्या सांगते, आजी घरी येऊन म्हणाली होती, की त्या तळ्यातलं पाणी हलत कसं नव्हतं.

वडिलांना एक सवय होती. फोटोच्या मागं ते शिसपेन्सिलीनं लिहायचे. ‘आईस नमस्कार. मी खुशाल आहे. कापणीला येतो. सोबत डावीकडे’ आणि मग नाव, गाव. कागद परवडत नव्हता म्हणून असेल, पण फोटोची पाठ हेच त्यांचं पत्र. मी पुतण्याला विचारलं, मागच्या बाजू कुठायत? तो म्हणाला, “मागच्या? मागं काय असतं?”

त्यानं एकही पाठ स्कॅन केली नव्हती. ‘अननोन मॅन ११’च्या पाठीवर त्या माणसाचं नाव, गाव आणि गिरणीतलं खातं लिहिलेलं होतं.

नशीब, आमच्या पोरानं मूळ फोटो टाकले नव्हते. डोंबिवलीत पलंगाखाली होते. पण त्यातले चाळीसेक त्यानं ज्यांच्याकडून आणले त्यांना परत केले, आणि त्या घरातल्यांनी “आता स्कॅन झालेत ना” म्हणून निकालात काढले. त्यांच्या पाठीवर काय होतं ते गेलं.

मी इतका तावातावानं बोलतो आहे तर माझंही सांगतो. नोकरीच्या निमित्तानं मी महाडात राहायचो. बाजारपेठेच्या बाजूला तळमजल्यावर घर. २२ जुलै २०२१. महाडकरांना तारीख सांगावी लागत नाही. महाबळेश्वरावर कोसळणारा पाऊस पोलादपुरावरून सावित्री घेऊन येते, इकडून गांधारी फुगते, खाली भरती असली की पाणी जायला वाट राहत नाही. पुराची सवय आम्हाला आहे, सामान किती वर ठेवायचं त्याचे अंदाज ठरलेले. त्या दिवशी सगळे अंदाज पाण्याखाली गेले. आम्ही वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे रात्र काढली. लाइट नाही, फोन लागत नाही, नुसता पाण्याचा आवाज.

पाणी उतरल्यावर घरात गुडघाभर चिखल. तो चिखल साधा नसतो, त्यात तेल असतं, धान्य कुजलेलं असतं, मेलेलं काय काय असतं. आमच्या लग्नाचा अल्बम आणि मुलांच्या लहानपणाचे दोन अल्बम कपाटाच्या खालच्या खणात होते. बाहेर काढले तेव्हा पानं एकमेकांना चिकटून वीट झाली होती. रस्त्यावर जेसीबी ढीग उचलत होता. मी तिन्ही अल्बम त्या ढिगावर टाकले. बायको काही बोलली नाही. चार दिवस तिनं फ्रीज, गाद्या, भांडी सगळ्यांचा हिशेब सांगितला, अल्बमचं नाव काढलं नाही. अजून काढत नाही.

पुढं केव्हातरी कळलं की भिजून चिकटलेले फोटो टाकायचे नसतात, आणि तसेच उन्हात वाळवायचेही नसतात. स्वच्छ गार पाण्यात बुडवून ठेवायचे, आपणहून सुटतील तसे एकेक अलग करायचे, चेहऱ्याच्या बाजूला बोट लावायचं नाही, आणि चित्राची बाजू वर ठेवून सावलीत सुकवायचे. लगेच वेळ नसेल तर पिशवीत घालून चक्क बर्फात ठेवायचे, म्हणजे कुजणं थांबतं. घरच्या प्रिंटरवर काढलेले रंगीत फोटो पाण्यात विरघळतात, पण जुने ब्लॅक अँड व्हाइट बरेचदा तग धरतात. एवढं मला त्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर!

२०११च्या मार्चमध्ये जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर त्सुनामी आली. मियागी प्रांतातल्या यामामोतो नावाच्या गावाचा बराच भाग पाण्याखाली गेला. तिथं चिखलातून सापडलेले साडेसात लाखांच्या आसपास फोटो लोकांनी गोळा केले. स्वयंसेवकांनी ते धुतले, त्यांना नंबर दिले, त्यांच्या डिजिटल प्रती केल्या आणि ज्याचे त्यानं येऊन ओळखावेत म्हणून ठेवून दिले. लाखो फोटो मालकांच्या घरी परत गेले. आमच्याकडेही त्या वेळी महाराष्ट्रभरातून पोरं आली, फावडी घेऊन राबली, त्यांचे उपकार आहेत. पण फोटो हा वाचवण्याचा ऐवज आहे हे कुणाच्या डोक्यात नव्हतं. माझ्या तर नव्हतंच.

आणि महाडचा पूर हा त्या दिवसाचा लहान भाग. त्याच संध्याकाळी तळियेवर दरड आली, ऐंशीहून अधिक माणसं गेली. आमच्या पोलादपूर तालुक्यात केवनाळ्याला आणि साखर सुतारवाडीला माणसं गेली. त्याआधी २००५च्या जुलैत जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते. या मुलखात डोंगर खाली येतो तेव्हा घर जातं, भिंत जाते आणि भिंतीवरची तसबीरही जाते. अशा घरातल्या माणसाचा चेहरा उरला तर तो कुठं उरतो? मुंबईच्या कुणा नातेवाइकाच्या पेटीत, कुणाच्या तरी लग्नाच्या ग्रुप फोटोत, मागच्या रांगेत चौथा. त्या रांगेवर नावं असतील तर त्याच्या नातवाला आजा सापडेल. नसतील तर त्या घरी स्कॅनर असून उपयोग काय? तिथंही तो ‘अननोन मॅन’च. म्हणून म्हणतो, आपल्या पेटीतले फोटो एकट्या आपल्या घराचे नसतात.

आता कॅसेटचं.

मे १९९४मध्ये बहिणीचं लग्न वाडीवर झालं. महाडहून शूटिंगवाला आला होता, खांद्यावर तो अवजड कॅमेरा, मागं हॅलोजन धरणारा पोरगा, जनरेटर बैलगाडीतून आणलेला. तेव्हा पद्धत अशी होती, की शूटिंगवाला नंतर मिक्सिंग करायचा, म्हणजे माणसांचा आवाज पुसून वर सिनेमाची गाणी चढवायचा. मंगलाष्टकं सोडली तर सगळं लग्न मुकं. पण हळदीच्या रात्रीच्या कॅसेटला मिक्सिंगचे त्यानं जादा पैसे मागितले. गिरणी संप होऊन बारा वर्षं झाली होती, १९८२ला बंद पडलेली वडिलांची नोकरी परत मिळाली नव्हती. ते म्हणाले, राहू दे कच्ची. त्या कंजुषीमुळं माझ्या आईचा आवाज वाचला.

हळद दळताना आई जात्यावर बसली आहे, शेजारी आत्या. आई ओव्या म्हणते आहे. मधेच थांबून कुणाला तरी म्हणते, “दिवा सारा पुढं.” तो दिवा कुणी सारला ते दिसत नाही, हात तेवढा दिसतो. १९९८ला आई गेली. तिचा आवाज या एका कॅसेटीवर होता, दुसरीकडे कुठंही नाही. २००३च्या सुमारास घरातला व्हीसीआर बिघडला, दुरुस्त करणारा मिळेना. कॅसेट वाडीवर माळ्यावर, भाताच्या कणगीशेजारी पडून राहिली. महाडच्या पुरात सगळं गेलं तरी ती राहिली, कारण ती महाडात नव्हती.

पूर उतरल्यावर शहाणपण आलं आणि २०२२मध्ये ती कॅसेट मी एका शहरात एका दुकानात दिली. कुठल्या, ते सांगत नाही. पंधरा दिवसांनी पेनड्राइव्ह मिळाला. घरी येऊन लावला. अठरा मिनिटं. सुरुवातीला सोनेरी अक्षरांत ‘शुभविवाह’, गुलाबाच्या पाकळ्या पडतायत, आणि सबंध अठरा मिनिटं सनई आणि एक सिनेमाचं गाणं. आईचे ओठ हलतात. जातं फिरतं. आवाज नाही.

मी परत गेलो. दुकानदार भला माणूस, त्याला माझा चेहराच समजेना. म्हणाला, “काका, ओरिजिनल आवाजात काही नव्हतं हो. नुसती घरघर होती, बायकांचा गोंगाट. म्हणून चांगलं करून दिलं.” मूळ फाइल? “एवढी मोठी फाइल कोण ठेवतं?” आणि कॅसेट? तिला बुरशी होती, टाकून दिली. जास्तीचे पैसेही त्यानं घेतले नव्हते.

जी घरघर त्यानं काढून टाकली ती जात्याची होती.

त्याला दोष देऊन मी मोकळा होऊ शकत नाही, कारण मला आवाज हवा आहे हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. मला वाटलं होतं, यंत्र आहे, जे आहे ते उतरवेल. म्हणून इतरांसाठी थोडं लिहून ठेवतो. व्हीएचएस कॅसेट तीन तासांची असेल तर ती उतरवायला तीन तासच लागतात, फोटोसारखं झटक्यात होत नाही. म्हणूनच दुकानदार अर्ध्यात कंटाळतो. साध्या कॅसेटीत आवाजाची पट्टी फितीच्या अगदी कडेला असते, आणि बुरशी धरते तीही कडेपासून. म्हणजे आपल्याकडच्या ओलीत चित्राच्या आधी आवाज जाण्याचा संभव जास्त. बुरशीची पांढरी पूड दिसत असेल तर कॅसेट तशीच यंत्रात घालायची नाही, यंत्राचं डोकं खराब होतं आणि पुढच्या कॅसेटीलाही लागण होते. व्हीसीआर बनवणारी जगातली शेवटची कंपनी, जपानची फुनाई, तिनंही २०१६च्या जुलैत ते बनवणं थांबवलं. आता जी यंत्रं आहेत ती जुनीच, दुरुस्त करून करून चालवलेली. थांबण्यासारखा वेळ नाही. आणि दुकानात देताना एक वाक्य लिहून द्यायचं: काही कापू नका, काही जोडू नका, कॅसेट परत द्या.

ओव्यांवरून आठवलं. गी पॉयट्व्हँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या गावांतून जात्यावरच्या ओव्या जमवल्या, एक लाखाहून अधिक. आता त्या ‘पारी’च्या संकेतस्थळावर येतात. मी तिथं ऐकत बसतो कधी कधी. ओवीबरोबर म्हणणारीचं नाव असतं, गाव असतं. त्या कामाला मी हात जोडतो ते याच्यासाठी. लाख ओव्या नावांशिवाय जमवल्या असत्या तरी अभ्यासकांचं भागलं असतं. पण त्यांनी बाईला विचारलं, तुझं नाव काय?

आम्ही घरातल्या घरात विचारत नाही.

मी हे बोलायला लागलो की पोरं म्हणतात, काका, आता सगळं क्लाऊडवर असतं. असेल. पण गुगलनं फोटोंची फुकट अमर्याद जागा १ जून २०२१पासून बंद केली, आणि डिसेंबर २०२३पासून दोन वर्षं कुणी न उघडलेली खाती काढून टाकण्याचा नियम लागू केला. खातं ज्याचं तो गेला आणि घरात कुणाला पासवर्ड ठाऊक नाही, तर दोन वर्षांनी त्या ढगातला पाऊस आटला. आमची पेटी चाळीस वर्षं कुणी उघडली नव्हती, तरी तिनं काही काढून टाकलं नाही. क्लाऊड वापरू नका असं नाही. एक प्रत तिथं, एक डोंबिवलीत, एक गावात, असं असावं. एकाच महाडात सगळं ठेवणाऱ्याचं काय होतं ते मी सांगितलंच. आणि फॅमिली ग्रुपवर टाकला म्हणजे झालं, हेही खरं नाही. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो लहान होऊन जातो, मोठा करून बघायला गेलं की नाकडोळे विरघळतात.

नवीन रोग तर याहून वाईट. फोटो ‘सुधारून’ देणारी ॲपं आली आहेत. माझ्या एका भाचीनं आजीचा तो फोटो असा सुधारून ग्रुपवर टाकला. रंगीत केला. आजी गोरी झाली. कपाळावरचं गोंदण डाग समजून पुसलं गेलं, गालावरच्या सुरकुत्या गेल्या, ओठांना गुलाबी रंग आला. सत्तर जणांनी बदाम टाकले. आत्याला दाखवला तर तिनं फोन लांब धरून पाहिला आणि म्हणाली, “कोन गं ही बाय?” बघा म्हणजे, आत्यालासुद्धा आजी ‘अननोन’ झाली.

आमच्या मुंबईकर मंडळांचंही एक सांगायला हवं. प्रत्येक वाडीचं मुंबईत मंडळ आहे, महिन्याच्या महिन्याला मीटिंग, वर्गणी, हिशेब चोख. गावात कमानी उभ्या राहिल्या, देवळांना लाद्या बसल्या, चांगलं आहे. दर काही वर्षांनी स्मरणिका निघते आणि तिच्यात पानापानावर शुभेच्छुकांचे हसरे चेहरे. गावातल्या म्हाताऱ्यांचा एक फोटो नावानिशी त्यात आल्याचं मला आठवत नाही. एका सत्काराच्या शाली-श्रीफळांच्या खर्चात एक बरा स्कॅनर येतो. तो एसटीतून गावी न्या, पोरं बारावीनंतर रिकामी असतात त्यांना शिकवा, आणि घरोघरी ओटीवर बसून फोटो उतरवा. फोटो दुकानात जायचे नाहीत, दुकान फोटोकडे यायचं. म्हातारी माणसं शेजारी बसलेली हवीत. मी हे मंडळाच्या मीटिंगमध्ये मांडलं. ‘विचार करू’ असं इतिवृत्तात आलं आहे.

म्हणून मी स्वतः सुरू केलं. दिवाळीनंतर मी वाडीवरच राहतो. सकाळी आत्याचा चहा झाला की ओटीवर उजेडात बसतो. फोटो तिच्या हातात द्यायचा, टीव्हीवर नाही. हातात कागद आला की ती बोलते. फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवतो आणि गप्प बसतो, हे सगळ्यांत अवघड. ती चुकते. एका फोटोतल्या माणसाला तिनं सोमवारी चुलता म्हटलं आणि गुरुवारी व्याही. मी दोन्ही लिहून ठेवतो, तारीख घालून. बायकांची दोन्ही नावं लिहितो, सासरची आणि माहेरची. ते लिहिताना एकदा कळलं की फोटोतल्या दोन ‘वेगवेगळ्या’ बाया एकच आहेत, लग्नाआधीची आणि नंतरची. पाठीवर पेन्सिलीनंच नंबर घालतो, बॉलपेनानं पुढं वळ उठतात.

एका फोटोत वडील उभे आहेत आणि शेजारचं माणूस कात्रीनं कापून काढलं आहे. वडिलांच्या खांद्यावर त्याचा हात तेवढा राहिला आहे. मला वाटलं हा ‘अननोन’च राहणार. आत्यानं त्या हाताकडं पाहिलं आणि लगेच नाव घेतलं. मग म्हणाली, “त्ये बंद कर आदी.” मी रेकॉर्डिंग बंद केलं. जमिनीची गोष्ट होती, साठ वर्षांपूर्वीची. सातबाऱ्यावर नसलेलं एक नाव त्या हाताला होतं. तिनं सांगितलं, मी ऐकलं, आणि वहीत त्या नंबरापुढं अजून काही लिहिलेलं नाही. लिहावं की नाही ते मला ठरवता आलेलं नाही. बहुधा आम्ही घरात विचारत नाही ते या भीतीनंच. कुणाचा हात कुणाच्या खांद्यावरून निघेल, सांगता येत नाही.

पुतण्याशी या सगळ्यावरून माझं चांगलंच वाजलं. तो शेवटी म्हणाला, “काका, तुम्ही तीन अल्बम जेसीबीत घातलेत. मी निदान स्कॅन तरी केले.” यावर मला उत्तर नव्हतं आणि अजून नाही. त्याच्या सहाशे बारा फाइली नसत्या तर आत्याला दाखवायला माझ्याकडं तरी काय होतं? गेल्या महिन्यात तो दोन दिवस सुट्टी काढून आला आणि पाठी स्कॅन करत बसला. वडिलांचं अक्षर त्याला लागत नाही, मोडीसारखं वाटतं म्हणतो. मी वाचून दाखवतो, तो टाइप करतो. ‘सोबत डावीकडे’ हे शब्द आले की तो डावीकडं पाहायचं सोडून माझ्याकडं पाहतो.

दोनशे चौदा फोटो झाले आहेत. आत्या जेवणानंतर झोपते, मग दिवसभर काही होत नाही. कधी सकाळीच म्हणते, आज नको. पावसाळ्याला दोन महिने उरले. एकदा पाऊस लागला की ओटीवर उजेड नसतो, आणि तिचा दमाही वाढतो.

उद्या दोनशे पंधरावा. विहिरीवर सात बायका आहेत, कुणाच्या डोईवर हंडा, एक पाठमोरी. फोटो कुणी काढला कळत नाही. काल झोपायला जाताना आत्यानं तो एकदा हातात घेतला होता. पाठमोरीवर बोट ठेवून म्हणाली, “ही सांगते सकाळी.”